सर्व्हरची प्रत काढली, पण किल्ल्या कोणाच्या हाती?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी जी.एस.टी.चे दर बदलले, हे कापडाच्या धंद्यातील कोणीच विसरलेले नाही. मानवनिर्मित तंतूवरील कर १८ टक्क्यांवरून ५ वर आला, त्यापासून काढलेल्या सुतावरील १२ वरून ५ वर आला. तयार कपड्यांत २५०० रुपयांपर्यंतच्या नगाला ५ टक्के आणि त्याच्या वरच्या नगाला १८ टक्के अशी नवी रेषा आखली गेली. ज्यांची बिले आजही हाताने फाडली जातात त्यांनी दराचा आकडा बदलला आणि काम झाले. परंतु ज्यांच्या गाळ्यात सात-आठ कॉम्प्युटर एका सर्व्हरला जोडलेले आहेत, त्यांना सॉफ्टवेअरवाल्यांनी एकच सल्ला दिला. चालू सर्व्हरला हात लावण्यापूर्वी त्याची एक प्रत काढा, नवे दर त्या प्रतीवर चालवून पाहा, बिले बरोबर निघाली तरच ते मूळ सर्व्हरवर चढवा.

सल्ला योग्यच होता. रंगारीसुद्धा पुरा लॉट रंगात बुडविण्याआधी एक चिंधी बुडवून पाहतो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे आज कित्येक व्यापाऱ्यांकडे अशी एक प्रत या ना त्या कोपऱ्यात चालू आहे, कोणाकडे जुन्या कॉम्प्युटरवर, कोणाकडे भाड्याच्या क्लाउडवर. मात्र या प्रतीबरोबर एक बाब गुपचूप घरात येते आणि तिच्याविषयी बाजारात फारसे कोणी बोलत नाही. ती म्हणजे डेटाबेसचा पासवर्ड. सर्व्हरची प्रत निघते तेव्हा कपाटाबरोबर किल्ल्यांचा जुडगाही दुप्पट होतो. दुसरा जुडगा कोणाच्या कमरेला आहे, हे शेठला विचारले तर शेठ मुनीमजीकडे पाहतात आणि मुनीमजी सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावतात.

आम्ही कॉम्प्युटरचे पदवीधर नाही. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले आणि 'परवलीचा शब्द' हा सुंदर मराठी शब्द आम्हास बऱ्याच उशिरा भेटला. तरीही धंद्यात राहून, तीन वेळा सर्व्हर बदलून आणि सॉफ्टवेअरवाल्यांशी तासन्‌तास हुज्जत घालून जे कळले ते व्यापारी बंधूंसमोर ठेवीत आहोत. यात फार खोल असे काही नाही. हिशेब ज्याला कळतो त्याला हेही कळते.

हा पासवर्ड नेमका कोणता?

गाळ्यातील प्रत्येक कारकून सकाळी आपले नाव व पासवर्ड टाकून सॉफ्टवेअर उघडतो. येथे त्या पासवर्डची गोष्ट नाही. डेटाबेस म्हणजे पक्की खातेवही. पार्टीची बाकी, ताक्यांचा साठा, दलाली, सायझिंगची देणी, सारे तीत असते. ही वही कारकून थेट उघडत नाही. सॉफ्टवेअर स्वतः एक नाव आणि एक पासवर्ड घेऊन तिच्याकडे जाते आणि कारकुनासाठी पान उघडून आणते. ह्या दुसऱ्या पासवर्डविषयी मालकाला बहुधा पत्ताच नसतो, कारण तो त्याला कधी टाकावा लागत नाही. तो ज्याच्याकडे आहे त्याला कारकुनाच्या पासवर्डची गरजच उरत नाही. तो थेट वहीत जाऊन हवी ती बाकी खोडू शकतो.

हा पासवर्ड किमान दोन ठिकाणी राहतो. डेटाबेसच्या आत तो जसाच्या तसा नसतो. गणिताने त्याचा चुरा करून ठेवलेला असतो आणि त्या चुऱ्यावरून मूळ शब्द ओळखणे, शब्द लांबलचक असेल तर, जवळपास अशक्य असते. परंतु सॉफ्टवेअरला तो शब्द वाचता आला पाहिजे, म्हणून तो एका सेटिंगच्या फाइलमध्ये पुष्कळदा साध्या अक्षरांत लिहिलेला असतो. कोणत्याही कारकुनाने ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली की झाले. याखेरीज रात्री बॅकअप घेणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये तो असतो, विक्रीचा तक्ता आपोआप भरणाऱ्या एक्सेलच्या फाइलमध्ये असतो, सेल्समनच्या मोबाइल ॲपला जोडणाऱ्या दुव्यात असतो. प्रत काढण्याआधी हे सर्व अड्डे एका कागदावर लिहून काढणे हे पहिले काम. आमच्याकडे असा कागद केला तेव्हा सहा ठिकाणे निघाली आणि सॉफ्टवेअरवाल्याला त्यांतली चारच ठाऊक होती.

प्रतीबरोबर काय-काय येते?

प्रत काढण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत सर्व्हरची पुरी डिस्कच नक्कल करतात. हे सोपे आणि झटपट, म्हणून बहुतेक जण हेच करतात. यात खातेवही, सेटिंगच्या फाइली, रात्रीची कामे, एस.एम.एस. पाठविणाऱ्या कंपनीची किल्ली, ई-मेलचा पासवर्ड, सर्व काही जसेच्या तसे नव्या यंत्रात उतरते. नवे यंत्र सुरू होताच ते स्वतःला मूळ सर्व्हरच समजू लागते.

दुसऱ्या रीतीत फक्त डेटा काढून नव्या, कोऱ्या सर्व्हरवर ओततात. येथे डेटाबेस कोणता आहे यावर गोष्ट अवलंबून आहे. पोस्टग्रेस असेल तर 'पीजी-डम्प' हे साधन एका डेटाबेसचा माल काढते, वापरणाऱ्यांची नावे-पासवर्ड काढीत नाही. 'पीजी-डम्पऑल' मात्र नावांसकट पासवर्डचा चुराही उचलते, आणि चुरा तोच असल्यामुळे नव्या सर्व्हरवर जुनाच पासवर्ड चालतो. यंत्र नवे म्हणजे पासवर्डही नवा असणार, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. पोस्टग्रेसच्या २०१७ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून पासवर्ड वगळून बाकीचे काढण्याची सोय आहे. सॉफ्टवेअरवाल्याला ती वापरावयास सांगावे. मायएसक्यूएलमध्ये वापरणाऱ्यांची यादी त्याच नावाच्या एका वेगळ्या डेटाबेसात असते, त्यामुळे 'सर्व डेटाबेस काढा' असा हुकूम दिला की तीही सोबत येते.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये उलटा त्रास. तेथे लॉगिन सर्व्हरपाशी राहतात आणि त्यांना जोडलेली नावे डेटाबेसात. डेटाबेस नव्या सर्व्हरवर नेला की हा सांधा तुटतो, नाव आहे पण लॉगिन नाही. तज्ज्ञ मंडळी अशा नावांना पोरकी नावे म्हणतात. सांधा पुन्हा जोडणे दहा मिनिटांचे काम आहे. परंतु काम करणारा पोरगा घाईत असतो, शेठ डोक्यावर उभे असतात, मग तो 'एसए' ह्या सर्वाधिकारी नावाला एक सोपासा पासवर्ड देऊन त्यावरच सॉफ्टवेअर चालू करून देतो. चाचणीपुरते आहे, असे सांगतो. हेच चाचणीपुरते पुढे दोन-दोन वर्षे चालते, आणि दरम्यान ते कोणीतरी मूळ सर्व्हरवरही नेऊन ठेवतो.

टॅली वापरणाऱ्यांसाठी जाता जाता एक गोष्ट. टॅलीत डेटाचे फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवले तर त्यातील पासवर्ड सोबत जातात. टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड विसरला तर तो परत काढून देण्याची सोय कोणाकडेच नाही, खुद्द टॅली कंपनीकडेही नाही. तेव्हा तो कोठे लिहून ठेवला आहे हे आजच पाहून घ्यावे.

चाचणीची बिले पक्क्या वहीत

आता मुख्य धोका. सर्वांना भीती वाटते ती चोराची. आमच्या अनुभवात प्रत काढण्याच्या कामात पहिला फटका चोराकडून बसत नाही, घरच्याच माणसाकडून बसतो आणि तोही त्याला न कळता.

आमच्या बाजारातील एका ग्रे कापडाच्या व्यापाऱ्याकडे असेच झाले. पुऱ्या डिस्कची नक्कल झाली, नवे यंत्र सुरू झाले, पडद्यावर तेच नाव, तीच खाती. परंतु सेटिंगच्या फाइलमध्ये डेटाबेसचा पत्ता मूळ सर्व्हरचाच राहिला होता. म्हणजे सॉफ्टवेअर प्रतीचे आणि वही खरी. पासवर्ड दोन्हीकडे एकच, त्यामुळे दार विनातक्रार उघडले. कारकुनाने चाचणी समजून खऱ्या पार्ट्यांच्या नावाने तीस-चाळीस बिले ठोकली, नवे दर लागतात का पाहिले, समाधान झाले, घरी गेला. रात्री ठरल्या वेळी सॉफ्टवेअरने ज्यांच्या नावे बाकी दिसली त्यांना वसुलीचे एस.एम.एस. धाडले. सकाळी पाली आणि बालोत्रा येथून दलालाला फोन. दलाल गाळ्यात आला आणि त्याने एवढेच विचारले, "शेठ, गेल्याच महिन्यात ज्याने शेवटचा पैसा दिला, त्याला तुम्ही मध्यरात्री तगादा कसा लावला?"

उधारीच्या धंद्यात हा प्रश्न काय किमतीचा आहे हे वाचकांना सांगावयास नको. ज्या पार्टीने कधी हप्ता चुकविला नाही तिला तगादा जाणे म्हणजे तिच्या अब्रूला हात घालणे होय. त्या व्यापाऱ्याला तीन-चार ठिकाणी स्वतः जाऊन समजूत घालावी लागली.

पुढे हिशेबाचा गोंधळ निराळाच. जी.एस.टी.च्या नियमावलीतील ४६ व्या नियमाप्रमाणे बिलांना सलग क्रमांक हवेत. चाचणीच्या बिलांनी मधले क्रमांक खाल्ले, ती पुसली तर खड्डा पडतो, ठेवली तर खोटी विक्री दिसते. ज्यांची उलाढाल पाच कोटींच्या वर आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइसचे बंधन आहे. त्यांच्याकडे असे घडले तर चाचणीच्या बिलाला सरकारी पोर्टलचा खरा क्रमांक मिळून बसतो, आणि पोर्टलवर तो रद्द करावयास फक्त २४ तासांची मुदत असते. शनिवारी संध्याकाळी चाचणी केली आणि सोमवारी लक्षात आले, तर ती वेळ गेलेली असते. मग क्रेडिट नोट काढीत बसावे लागते. वास्तविक सरकारने ई-इन्व्हॉइसच्या चाचणीसाठी वेगळे पोर्टल ठेवलेले आहे आणि तेथे नाव-पासवर्डही वेगळे मिळतात. परंतु प्रतीत खऱ्या पोर्टलचा पासवर्ड आयता आलेला असला तर तिकडे कोण जातो?

आता पाहा, प्रतीचा पासवर्ड वेगळा असता तर काय झाले असते? पत्ता चुकीचा राहिलाच असता, परंतु सॉफ्टवेअर खऱ्या वहीच्या दाराशी जाऊन पहिल्याच प्रयत्नात 'लॉगिन फेल' म्हणून परत फिरले असते. कारकुनाने तक्रार केली असती, पोराने फाइल उघडली असती, पत्ता दुरुस्त झाला असता. अर्ध्या तासाची कटकट. 'लॉगिन फेल' हा संदेश पाहिला की शेठ लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, पण अशा वेळी तोच दारावरचा पहारेकरी असतो.

मोठ्यांच्या घरीही

असे फक्त आपल्यासारख्या कमी शिकलेल्यांकडेच होते, असे कोणी समजू नये. गिटलॅब ही सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना सेवा देणारी जगप्रसिद्ध कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिचा एक इंजिनिअर मुख्य डेटाबेस आणि त्याची जोडीदार प्रत यांच्यातील बिघाड दुरुस्त करीत होता. प्रतीवरील डेटाचे फोल्डर पुसावयाचे होते. दोन्ही यंत्रे पडद्यावर सारखीच दिसत होती आणि त्याने मुख्य यंत्रावरचे फोल्डर पुसावयास घेतले. एक-दोन सेकंदांत चूक ध्यानात येऊन त्याने हात आवरला, तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार शिल्लक होते.

त्यानंतर बॅकअप शोधले गेले. रोजचा बॅकअप रिकामा निघाला, कारण बॅकअपचे साधन जुन्या आवृत्तीचे आणि डेटाबेस नव्या आवृत्तीचा होता. बॅकअप फसल्याचे इशारे देणारे ई-मेल कोणापर्यंत पोहोचतच नव्हते. शेवटी तारले कोणी, तर चाचणीच्या सर्व्हरसाठी सुमारे सहा तास आधी काढलेल्या एका प्रतीने! तेवढ्या सहा तासांचा डेटा गेला, बाकीचा परत मिळाला. येथे आणखी एक बारीक गोष्ट आहे. त्या चाचणीच्या प्रतीतून बाहेरच्या लोकांना आपोआप संदेश धाडणारे दुवे मुद्दाम काढून टाकलेले होते, म्हणजे चाचणी करताना चुकून कोणाला निरोप जाऊ नये. आमच्या त्या ग्रेवाल्याकडे नेमके हेच राहून गेले होते. पुढे कंपनीने सर्व काही उघडपणे जाहीर केले आणि सुधारणांच्या यादीत एक कलम असे घातले की, कोणते यंत्र खरे आणि कोणते चाचणीचे हे पडद्यावर पाहताक्षणी कळले पाहिजे. आम्हास तरी हे कलम फार आवडले. आमच्याकडे प्रतीच्या पडद्याचा रंग आता भडक केशरी आहे आणि कंपनीच्या नावापुढे 'चाचणी' असे मोठ्या अक्षरांत येते. खर्च शून्य.

चोरांच्या बाजूने पाहावयाचे तर उबरचे उदाहरण घ्या. २०१६ साली चोरांनी उबरच्या इंजिनिअरांच्या खासगी प्रोग्रॅम-साठ्यात प्रवेश मिळविला. तेथे प्रोग्रॅमच्या मजकुरातच क्लाउडची किल्ली लिहून ठेवलेली सापडली. त्या किल्लीने ५ कोटी ७० लाख ग्राहक आणि चालकांची माहिती बाहेर गेली. कंपनीने चोरांना एक लाख डॉलर देऊन प्रकरण दाबले, २०१७ च्या नोव्हेंबरात ते उघड झाले आणि २०१८ साली अमेरिकेतील राज्यांना १४ कोटी ८० लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली. किल्ली दाराच्या चौकटीवर ठेवण्याची सवय जुनीच आहे, फक्त चौकट बदलली. आणि जानेवारी २०१७ मध्ये मोंगोडीबी जातीचे हजारो डेटाबेस, ज्यांना पासवर्डच नव्हता आणि जे इंटरनेटवर उघडे होते, ते पुसून टाकून त्यांत खंडणीची चिठ्ठी ठेवली गेली. चिठ्ठीप्रमाणे पैसे भरणाऱ्यांपैकी अनेकांना डेटा परत मिळाला नाही.

तर मग करावे काय?

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रतीचे यंत्र प्रथम नेटवर्कची वायर काढूनच सुरू करावे. वायर नसताना तिच्यातील रात्रीची कामे बंद करावी, एस.एम.एस., ई-मेल आणि पोर्टलच्या किल्ल्या पुसाव्या, डेटाबेसचे नाव व पासवर्ड बदलावे, सेटिंगमधील पत्ता बदलावा, आणि मगच वायर जोडावी. क्लाउडवर असेल तर वायरऐवजी फायरवॉल बंद ठेवावी. पुष्कळ मंडळी आधी सुरू करून मग बदलतात. रात्रीचे काम ठरल्या वेळी चालू होते, ते कोणाची वाट पाहत नाही.

फक्त पासवर्ड बदलून थांबू नये, वापरणाऱ्याचे नावही वेगळे असावे. खऱ्या सर्व्हरवरील नाव प्रतीवर अस्तित्वातच नसावे आणि प्रतीवरील नाव खऱ्यावर नसावे. म्हणजे कोणी जुनी सवय म्हणून दोन्हीकडे एकच पासवर्ड ठेवला तरी किल्ली फिरणार नाही. त्यावर खऱ्या डेटाबेसला असे सांगून ठेवावे की, प्रतीच्या पत्त्यावरून कोणी आला तर त्याला दारातूनच परत लावावे. पोस्टग्रेसमध्ये याची एक साधी यादी असते, मायएसक्यूएलमध्ये नावासोबतच पत्ता बांधता येतो. एक कुलूप विसरले तर दुसरे असते.

पासवर्ड कसा असावा? लांब. वीस-चोवीस अक्षरांचा, यंत्राने बनविलेला, ज्यात दुकानाचे नाव, मुलाचे नाव, जन्मसाल असले काही नको. येथे एक व्यवहारातील अडचण सांगतो, जी पुस्तकात सहसा नसते. पासवर्डात ॲट, हॅश, डॉलर, तिरकी रेघ अशी चिन्हे टाकली की सेटिंगच्या काही फाइली गोंधळतात. काही फाइलींत हॅशच्या पुढचे सर्व काही शेरा समजून वगळले जाते, जोडणीच्या पत्त्यात ॲटचे चिन्ह आले तर तेथे पासवर्ड संपला असे समजले जाते. मग पोरगा तासभर डोके आपटतो आणि शेवटी 'ॲडमिन एक दोन तीन' ठेवून मोकळा होतो. त्यापेक्षा नुसती इंग्रजी लहान-मोठी अक्षरे आणि आकडे घ्यावे, लांबी वाढवावी. काम होते आणि भांडणही होत नाही.

हा पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवू नये. तसेच आदेशाच्या ओळीतच पासवर्ड लिहिण्याची सवय मोडावी, कारण ती ओळ यंत्राच्या इतिहासात नोंदली जाते आणि त्याच यंत्रावर बसलेल्या दुसऱ्याला दिसूही शकते. पोस्टग्रेसमध्ये पासवर्ड ठेवण्याची एक खास फाइल असते. लिनक्सवर ती फाइल इतरांना वाचता येण्यासारखी ठेवली तर पोस्टग्रेस तिच्याकडे दुर्लक्ष करते, फाइल मालकापुरती बंद करून आणा म्हणते. आम्हास ह्या यंत्राचा हा करारी स्वभाव पसंत पडला.

मोठ्या कंपन्या यासाठी व्हॉल्ट नावाची वेगळी तिजोरी-सॉफ्टवेअर चालवितात, जी मागेल त्याला तात्पुरता पासवर्ड देते आणि वेळ झाली की रद्द करते. आठ कॉम्प्युटरच्या गाळ्याला याची गरज नाही. कोणी विकावयास आला तर चहा पाजून परत पाठवावे. कीपास किंवा बिटवॉर्डनसारखी पासवर्डची डबी पुरेशी आहे, तिचा मुख्य पासवर्ड मालक आणि घरातील एक विश्वासू व्यक्ती यांना ठाऊक असावा, आणि एक कागद बंद लिफाफ्यात, सही व तारीख घालून, लोखंडी कपाटात.

खऱ्या सर्व्हरचा पासवर्ड बदलताना

प्रत काढताना बाहेरचा माणूस आठवडाभर यंत्रावर बसलेला असतो. त्याच्यावर संशय घ्यावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु बांधकामाचे मिस्त्री गेल्यावर कुलूप बदलतात, तसे काम संपल्यावर खऱ्या सर्व्हरचा पासवर्ड बदलावा. दर महिन्याला बदलत राहण्याचा जुना फतवा अमेरिकेच्या निस्ट संस्थेने २०१७ सालीच मागे घेतला. उगाच बदलत राहिले की लोक सोपे पासवर्ड ठेवू लागतात असे आढळले. माणूस बदलला, यंत्र हरवले, पासवर्ड फुटल्याची शंका आली, अशा वेळी मात्र त्याच दिवशी बदलावा.

बदलताना धंदा थांबू नये म्हणून एक युक्ती आहे. जुना पासवर्ड तसाच ठेवून डेटाबेसात तेवढेच अधिकार असलेले दुसरे नाव तयार करावे, सॉफ्टवेअर, बॅकअप, एक्सेल, ॲप एकेक करून नव्या नावावर आणावे, सर्व चालते अशी खात्री झाल्यावर जुने नाव बंद करावे. मायएसक्यूएलच्या आठव्या आवृत्तीत तर एकाच नावाला काही काळ जुना व नवा असे दोन पासवर्ड ठेवण्याची सोय आहे. आणि शेवटी सर्व्हर एकदा बंद करून चालू करावाच. पासवर्ड बदलला तरी आधीपासून उघडे असलेले दार तसेच उघडे राहते. सर्व काही ठीक चालले आहे असे वाटते, आणि तीन आठवड्यांनी वीज गेल्यावर सर्व्हर नव्याने सुरू होतो तेव्हा एखादा विसरलेला प्रोग्रॅम जुना पासवर्ड घेऊन दाराशी उभा राहतो. मार्चअखेरीस असे झाले तर काय होते याची कल्पना करावी. म्हणून हे काम जुम्याच्या सुट्टीला, माग बंद असताना उरकावे.

किल्ली मालकाची की सॉफ्टवेअरवाल्याची?

या बाबतीत आमचे मत कडक आहे. पुष्कळ ठिकाणी डेटाबेसचा सर्वाधिकारी पासवर्ड सॉफ्टवेअरवालाच आपल्याजवळ ठेवतो आणि मालकाला देत नाही. कारण विचारले तर म्हणतो, तुम्ही काही बिघडवाल. आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने वार्षिक देखभालीचा करार दुसरीकडे द्यावयाचे ठरविले तेव्हा अकरा वर्षांची स्वतःचीच खाती पाहण्यासाठी त्याला जुन्या माणसाची विनवणी करावी लागली. सॉफ्टवेअर त्याचे आहे हे मान्य, परंतु वहीतील हिशेब आपला आहे. पार्ट्यांची, विणकरांची, दलालांची बँक खाती, पॅन क्रमांक, मोबाइल नंबर आपल्याकडे अमानत म्हणून आहेत. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यातली जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्यावर, म्हणजे आपणावर येते, सॉफ्टवेअरवाल्याचे नाव पुढे करून ती टळत नाही. करार करतानाच लिहून घ्यावे की, सर्वाधिकारी पासवर्ड मालकाला लेखी मिळेल आणि प्रत काढली तर तिचे पासवर्ड वेगळे असतील. जो यास नाही म्हणतो त्याच्याशी करार करू नये.

त्याच कारणाने प्रतीत खरे मोबाइल नंबर व खाते क्रमांक ठेवण्याचे काही कारण नाही. दर बरोबर लागतो की नाही हे पाहण्यासाठी पार्टीचा नंबर लागत नाही. एका आदेशाने सर्व नंबर खोटे करता येतात. मग एखादे वेळी एस.एम.एस.ची किल्ली पुसावयाची राहिली तरी निरोप कोणापर्यंत पोहोचत नाही.

चाचणी आटोपल्यावर प्रत पडून राहते. तिच्याकडे कोणी पाहत नाही, तिला नव्या दुरुस्त्या लागत नाहीत, आणि एके दिवशी तो कॉम्प्युटर भंगारवाल्याकडे जातो, डिस्कसकट. फाइली डिलीट केल्याने डिस्क पुसली जात नाही. सॉफ्टवेअरने पुरी पुसून घ्यावी, किंवा डिस्क काढून फोडावी. भाड्याच्या क्लाउडवरील प्रत बंद केली तरी तिचे स्नॅपशॉट व जुने बॅकअप तेथे राहतात आणि त्यांचे भाडेही चालू राहते, तीही यादी मागून घ्यावी. आमच्या गाळ्यात सप्टेंबरात काढलेली प्रत नोव्हेंबरात मोडली. पासवर्ड बदलणे, नावे वेगळी करणे, डिस्क पुसणे हे सर्व मिळून दीड दिवस गेला. त्यातला अर्धा दिवस जुन्या बॅकअपच्या डिस्क कोणकोणत्या खणात आहेत हे शोधण्यात गेला.